आधी यंत्र तपासा

५ फेब्रुवारी

नाटक्यास,

लायकी नसताना अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाच पानं, त्यातली साडेचार तुझी छाती. या थंडीत दवाखान्याची ही तिसरी फेरी आणि तिसऱ्यांदा त्यांनी तुला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. मरायला टेकलेल्या माणसाला कोणी असं घरी पाठवतं का रे? त्यांनाही एव्हाना तुझी ओळख पटली असणार.

छातीवर कोणीतरी गरम इस्त्री ठेवून विसरून गेलंय, असं तू लिहितोस. जन्मभर नाटक कंपनीच्या कपडेपटात राजांचे अंगरखे इस्त्री केलेस, तुला दुसरं काय सुचणार? स्टेजवरचे राजे विषाचा पेला पिऊन कोसळतात, पडदा पडला की उठतात, तोंड धुतात आणि जेवायला जातात. ते बघून बघून तूही शिकलास. फरक इतकाच की त्यांना त्याचे पैसे मिळतात.

फोन करू नकोस, पत्र लिही, असं मी सांगितलं ते याचसाठी. फोनवर तू कण्हतोस, इकडे दुकानात गिऱ्हाईक ताटकळतं. मला वाटलं, कागदावर तरी कण्हता येणार नाही. तर तू तेही करून दाखवलंस. धन्य आहे.

एका आईची दोन लेकरं अशी कशी, हे मला अजून कळलेलं नाही. लहानपणी तुझ्या बोटात कुसळ गेलं की गल्ली गोळा व्हायची. आणि माझ्या हातावर वीस किलोचं वजन पडून अंगठ्याचं नख गेलं, तेव्हा मी हातातल्या तराजूचा काटा पुरता जुळवून मग पट्टी बांधली. पहिल्या बाळंतपणात नर्स मला म्हणाली होती, बाई, झोपलात की काय?

मी बाबांवर गेले, दुसरं काय. दुकानातल्या स्टुलावर बसून, तराजूची दांडी मांडीवर घेऊन ते गेले. मी शेजारीच कानस मारत होते. हूं नाही की चूं नाही. गिऱ्हाईक तराजू न्यायला आलं तेव्हा कळलं. माणसानं जावं तर असं. तू जाशील तेव्हा आधी आठवडाभर जाहिरात होईल.

माझं विचारलं नाहीस, तरी सांगते. दुकान जोरात आहे. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक काटे म्हणजे खेळणी, दर दोन महिन्यांनी बिघडून परत येतात, त्यामुळे धंद्याला मरण नाही. घरमालकानं जिन्याच्या पायऱ्या नव्या बसवल्या आणि मेल्यानं उंची चुकवली. चढताना धाप लागते, म्हणून मधल्या वळणावर मी एक स्टूल ठेवलंय. दुकानातला पंखाही कुचकामी, भर थंडीत घामानं भिजायला होतं. झोपताना तीन उशा घेते, टेकून बसलं की बरं वाटतं. बाकी झकास. दुखणं म्हणशील तर नखात नाही. माझ्याकडे यायची त्याची छाती नाही.

तुझ्या बायकोला सांग, तुझे पाय चेपणं बंद कर म्हणावं. पाय छातीत नसतात.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार. वाकून केलेला नाही, वाकलं की कळ येते. हस आता.

तुझ्या पत्रात माझ्या तब्येतीची चौकशी कुठे सापडते का ते चष्मा लावून शोधलं. नाही सापडली. पण पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना माझी छाती बाजूला राहिली, तुझीच काळजी लागली. हे तुला आवडणार नाही हे ठाऊक आहे.

आधी माझं उरकतो. या वेळी त्यांनी मला पट्ट्यावर चालवलं. छातीला तारा चिकटवतात, पायाखालचा पट्टा पळायला लागतो आणि समोर पडद्यावर रेघा उमटतात. तिसऱ्याच मिनिटाला थांबवावं लागलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर होता. जास्त लिहीत नाही, तुला ते नाटकच वाटणार.

पण त्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती तुझ्यासाठी लिहितो. हृदयाला रक्त कमी पडलं की ते ओरडतं, पण सगळ्यांच्यात सारखं नाही. कोणाच्या छातीत वणवा पेटतो. कोणाचा नुसता जबडा ठणकतो, कोणाचं कोपर. आणि काही माणसांना काहीच होत नाही. नळी तितकीच बुजलेली असते, पण एक जमिनीवर लोळतो आणि दुसरा बस पकडायला धावतो. अशा माणसांना नुसता दम लागतो, घाम फुटतो, आडवं झोपवत नाही. किती दुखतं यावरून आजार किती मोठा हे ठरत नाही, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, अशी एक व्यक्ती माझ्या ओळखीची आहे.

आता मला सांग. त्याच पायऱ्या भावोजीही चढतात ना? त्यांना लागतं का स्टूल? पंखा कुचकामी असेल, पण फेब्रुवारीत तो लावतं कोण? आणि तीन उशा? तू तर लहानपणी उशी माझ्या अंगावर फेकून फरशीवर झोपायचीस.

जन्मभर तू लोकांचे काटे दुरुस्त केलेस. काटा हलत नाही म्हणजे पारडं रिकामं आहे, असं कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलंस का कधी? तू त्याला सांगतेस, काटा अडकलाय, माल काढा आणि काटा इथे ठेवून जा. मग स्वतःच्या बाबतीत ही अक्कल कुठे जाते?

तपासून घे. एवढंच मागतो.

तुझा,
भाऊ (नाटक्या म्हण, काही हरकत नाही)


२५ फेब्रुवारी

नाटक्यास,

आशीर्वाद, पण थोडेच.

तराजूचे दाखले मला देऊ नकोस. बाबांनी तुला दुकानातून का काढलं ते विसरलास वाटतं. पायावर अर्ध्या किलोचं वजन पडलं म्हणून तू आठ दिवस लंगडलास, आणि तेही मधूनच पाय बदलून. उंटावरून शेळ्या हाकायची हौस फार. कपडेपटातल्या लाकडी तलवारी मोजणाऱ्यानं मला काटा अडकला की नाही हे शिकवू नये.

तुझ्या डॉक्टरीणबाई हुशार दिसतात. ज्याला दुखतं तो आजारी, ज्याला दुखत नाही तो जास्त आजारी. म्हणजे जगात त्यांच्या दारात न येणारा कोणी उरलाच नाही. धंदा असा करावा.

तुझे भावोजी तुझं पत्र वाचून गोगलगायीसारखे आत गेले. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, त्याला कशाचीही भीती घालता येते. संध्याकाळी म्हणाले, एकदा जाऊन येऊ या का? मी म्हटलं, येऊ या. मला या विषयाचा सोक्षमोक्षच लावायचा आहे.

तर ऐक, पैज. इथल्या मोठ्या दवाखान्यातही तसाच पट्टा आहे. तू ज्यावर तीन मिनिटांत लोळलास त्यावर मी चढते आणि हसत खाली उतरते. मी हसत उतरले की तू मला एक ओळ लिहून पाठवायचीस, ‘मी रडका आहे.’ खाली सही. ती मी चौकटीत घालून दुकानात लावणार, प्रमाण वजनांच्या कपाटाशेजारी. सगळ्या गिऱ्हाइकांनी वाचली पाहिजे.

कागद चांगला वापर.

ताई


२० मार्च

ताईस,

नमस्कार.

महिना होत आला, तुझं पत्र नाही. मी कागद आणून ठेवलाय. जाड आहे, कडेला सोनेरी रेघही आहे.

पण मला एक कळत नाही. तू जिंकली असतीस तर मला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. तू दवंडी पिटली असतीस. माझ्या बायकोला, शेजाऱ्यांना, कंपनीच्या मॅनेजरलासुद्धा पत्रं गेली असती. आणि तू हरणं तर शक्यच नाही, असं तूच सांगतेस. मग ही शांतता कसली?

फोन केला तर भावोजींनी उचलला, आणि ‘ती दुकानात आहे’ म्हणाले. मागे तुझा खाकरण्याचा आवाज येत होता. दुकान घरात आलंय का?

लगेच लिही.

भाऊ


२४ मार्च

नाटक्यास,

आशीर्वाद. वर्षअखेरीची कामं अंगावर आहेत, सगळ्यांनाच याच महिन्यात काट्यावर शिक्का मारून हवा असतो. सोनाराचा नाजूक काटा आलाय, त्यानं डोकं उठवलंय. शेजारचा मिठाईवाला आपल्या काट्याखाली चिंधी सारून वजन मारायचा, त्याला परवा रंगेहाथ पकडला. घरमालकाशी पायऱ्यांवरून भांडण चालू आहे.

पट्ट्यावर चढले होते. हसत उतरले. दुखलं नाही. ठरल्याप्रमाणे ओळ पाठव.

तुझी बायको फोनवर विचारत होती की ताईंचा आवाज असा का येतोय. तिला सांग, आधी आपल्या नवऱ्याचा आवाज कमी कर.

ताई


२७ मार्च

चि. नाटकोबास,

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितोय. ती दुकानात गेली आहे. जिना उतरायला तिला आता दोनदा बसावं लागतं आणि दोन्ही वेळा ती घरमालकाच्या नावानं शंख करते.

तिनं तुला काय कळवलं ते मला वाचून दाखवलं. त्यातलं एक अक्षर खोटं नाही. ती हसतच उतरली. पण ती स्वतः उतरली नाही, तिला उतरवली.

पट्टा सुरू झाला तेव्हा ही बाई तारा लावणाऱ्या पोराशी हुज्जत घालत होती. हे यंत्र शेवटचं कधी तपासलं? शिक्का कुठे आहे? तो बिचारा खिशात शोधायला लागला. तेवढ्यात पडद्याकडे पाहत बसलेल्या इथल्या डॉक्टरीणबाई खुर्ची मागे पाडून धावत आल्या आणि त्यांनी पट्टा बंद केला. विचारलं, छातीत दुखतंय का? ही म्हणते, छे, भूक लागलीय. अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या आणि ही हसत होती. मी जन्मभर माणसांचे चेहरे काढायला शिकवलं, पण असा चेहरा मला कधी काढता आला नसता.

दुसऱ्या दिवशी नळ्यांचं चित्र काढलं. तीन नळ्या बुजत आल्यात, एक तर पार. आणि हृदयाचा एक कोपरा आधीच मेलेला आहे. म्हणजे झटका येऊन गेलाय रे, आणि आम्हाला पत्ता नाही! बाईंनी विचारलं, गेल्या वर्षात कधी काही झालं होतं? मला आठवलं. गुळाच्या वखारीतला मोठा काटा आणला होता त्या दुपारी हिला मळमळलं, घाम सुटला, ती दुकानातच बाकावर आडवी झाली. मी विचारलं तर म्हणाली, काहीतरी बाधलं. संध्याकाळी उठून काटा पुरा केला.

ऑपरेशन लगेच करा म्हणतात. ही म्हणते, दुखत नाही तर कापता काय? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं हिचं यंत्र वाकडं. तुमच्या दुकानाची रीत तुला माहीत आहेच. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, आधी खात्रीचं वजन ठेवून बघायचं. तिनं भर दवाखान्यात ती रीत काढली. आधी मला पट्ट्यावर चढवायला लावलं. यंत्र म्हणालं, मी ठणठणीत. तर म्हणाली, हा माणूस आतून कसा आहे मला काय माहीत, हे वजन खात्रीचं नाही.

आणि मग तिनं जे सांगितलं त्यासाठी हे पत्र. म्हणाली, ‘खात्रीचं वजन म्हणजे माझा भाऊ. साठ वर्षं ओळखते. त्याच्या बोंबेत दम नाही हे मला माझ्या नावासारखं ठाऊक आहे. आणि त्याला याच जातीच्या यंत्रानं तिसऱ्या मिनिटाला थांबवलं, डॉक्टर गंभीर झाले! जे यंत्र त्याला आजारी म्हणतं ते मलाही म्हणणारच. आधी यंत्र तपासा, मग मला कापा.’

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. माझं तर ती लग्न झाल्यापासून ऐकत नाही.

नाटकोबा, तुझं पट्ट्यावर नक्की काय झालं होतं? खरं काय ते तिला लिही. फार दिवस नाहीत, असं बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलंय.

तुझा,
भावोजी


१ एप्रिल

ताईस,

आज तारीख कुठली आहे ते बघून हसू नकोस. यातलं सगळं खरं आहे.

भावोजींनी मला कळवलंय. त्यांच्यावर ओरडू नकोस, ओरडायला दम लागतो आणि तो तुझ्याकडे नाही.

पट्ट्यावर मला कोणी थांबवलं नाही. मीच ओरडलो आणि मीच उडी मारून उतरलो. ‘थांबवावं लागलं’ असं मी लिहिलं, कोणी थांबवलं ते लिहिलं नाही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर होता, कारण मी त्यांच्या पायावर पडलो होतो. कागदावरची रेघ जवळजवळ सरळ होती. नळ्यांचं चित्रही काढलं, मोठ्या नळ्या धुतल्यासारख्या स्वच्छ. बाई म्हणाल्या, तुमच्या अगदी बारीक नळ्या मधूनच आकसतात, आणि तुमच्या शरीराला बारीकसारीकही फार मोठ्यानं ऐकू येतं. दुखणं खरं आहे, धोका कमी आहे. गोळ्या घ्या, चालत राहा.

दुखणं खरं आहे, हे ऐकून मी तिथे रडलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी असं म्हणालं होतं. पण धोका कमी आहे हे तुला कोणत्या तोंडानं लिहू? तू दुकानासमोर फटाके उडवले असतेस. म्हणून तेवढं गाळलं.

आता तुझ्याच रीतीनं चालू. मी खात्रीचं वजन. माझ्या बोंबेच्या मानानं माझा आजार हलका, असं तू साठ वर्षं म्हणतेस. यंत्र काय म्हणालं? तेच म्हणालं. अगदी तुझ्या तोंडचं. म्हणजे काटा बरोबर आहे, ताई. यंत्र तपासून झालं. आता त्याच काट्यावर तू उभी राहिलीस तेव्हा तो कुठे गेला, ते बघ.

आणि आणखी एक लिहितो, त्यानंतर तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल. बाबांची ती गोष्ट तू आल्यागेल्याला सांगतेस. हूं नाही की चूं नाही. मला ती गोष्ट ऐकली की लाज वाटायची, कारण मला तसं जमणार नव्हतं. पण त्या आठवड्यात बाबा सारखा कमरेचा पट्टा सैल करायचे, सकाळी सदरा बदलला तरी दुपारी ओला व्हायचा, हे मी पाहिलं होतं. ते शूर म्हणून गप्प बसले असं मला आता वाटत नाही. त्यांना कळलंच नाही. कळलं असतं तर त्यांनी तुला हाक मारली असती. तू हाताच्या अंतरावर होतीस.

सोबत तो जाड कागद पाठवतोय. ‘मी रडका आहे.’ खाली सही आहे. चौकटीत घाल, कपाटाशेजारी लाव, गिऱ्हाइकांना वाचून दाखव. पण त्यासाठी तू दुकानात असायला हवीस. मला बहीण एकच आहे.

भाऊ


९ एप्रिल

खोटारड्यास,

तुझा निर्लज्ज कबुलीजबाब पोचला. नळ्या धुतल्यासारख्या स्वच्छ! आणि तीन वेळा गाडी करून दवाखान्यात गेलास. तुझ्या बायकोची कीव येते. साठ वर्षं मी जे म्हणत होते ते खरं निघालं आणि ते चौकात ओरडून सांगायची सोय तू ठेवली नाहीस, कारण त्यात माझीच मान अडकवून ठेवलीस. हलकट आहेस.

पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्या भावोजींशी भांडले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. बाबांविषयी तू लिहिलंस ते मी फाडणार होते, फाडलं नाही. मी त्या दिवशी कानस मारत होते आणि माझ्याच नादात गाणं म्हणत होते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्यावर यापुढे एक शब्द लिहू नकोस.

रीत म्हणजे रीत. खात्रीच्या वजनाला यंत्रानं बरोबर दाखवलं, तर त्याच्यावर मी चढल्यावर ते खोटं म्हणता येत नाही. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलला असता. परवा जाऊन सही करून आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय पटलं शेवटी? मी म्हटलं, तुमचं नाही पटलं, माझ्या भावाचं वजन पटलं. त्यांना काही कळलं नाही. शिकलेली माणसं.

तुला हसायला एक देते. मला भीती वाटते. कापण्याची नाही, त्यांनी मला भूल न देता कापलं तरी मी बहुधा गप्पा मारीन. पण ती वखारीच्या काट्याची दुपार मला सारखी आठवते. माझ्या छातीतलं काहीतरी त्या बाकावर मेलं, आणि मी उठून पाणी प्यायले आणि स्क्रू आवळत बसले. चोर घरातून फिरून गेला आणि मला भांडं पडल्याचाही आवाज आला नाही. मी याचाच जन्मभर तोरा मिरवला. आता जिन्यावर बसते तेव्हा छातीवर हात ठेवून बघते, काही सांगते का. काही सांगत नाही. मेली मुकी.

पुढच्या सोमवारी घेणार आहेत. ये. भावोजी एकटे असले की भिंतीला टेकून उभे राहतात आणि रडतात, ते मला बघवत नाही. पण एक अट आहे. तिथे येऊन तू कण्हायचं नाहीस. छातीवर हात ठेवायचा नाहीस. त्या वॉर्डात मी पोलादी म्हणून ओळखली जाते, माझी अब्रू घालवू नकोस.

ताई


२ जून

नाटक्यास,

आशीर्वाद. या वेळी भरपूर, पण आधी शिव्या खा.

घरी आले, चालते, दुकानात सकाळी बसते. घरमालकाच्या पायऱ्या आपोआप बुटक्या झाल्या, त्याबद्दल त्याला मी काही बोललेले नाही, बोलणारही नाही. झोपायला एक उशी पुरते. दवाखान्यात रोज सकाळी एक नर्स यायची आणि विचारायची, दुखणं एक ते दहा यातलं किती? मी म्हणायचे, शून्य. ती म्हणायची, वा आजी! चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या आणि माझ्या शून्यावर आपला विश्वास नाही म्हणाल्या. मला दुखत नसलं तरी जिन्यावर थांबायचं, घाम आला की बसायचं, दम लागला की फोन करायचा. माझ्या छातीनं बोलायची वाट बघायची नाही, असं त्यांनी भावोजींना माझ्यादेखत बजावलं. उद्धट बाई आहे. मला आवडते.

आता तुझ्याकडे वळते.

मी दीड महिना गप्प होते, कारण राग शांत व्हायला हवा होता. झाला नाही. ऑपरेशननंतर मला वॉर्डात आणलं त्या दिवशी तू माझ्या खाटेशेजारी खुर्चीवर बसला होतास. मी सूपला नावं ठेवत होते, नर्सच्या चपलांना नावं ठेवत होते, मग तुझ्या सदऱ्याला. तू काहीच उलट बोलला नाहीस. माझ्या एका वाक्याला तू कधी उत्तर दिलं नाहीस असं साठ वर्षांत झालेलं नाही. म्हणून मी मान वळवून पाहिलं. तुझं तोंड मागच्या भिंतीच्या रंगाचं झालं होतं. खालचा ओठ दातांत धरलेला. एक हात खाटेच्या दांडीवर, आणि बोटं पांढरी. मी विचारलं, काय रे? तू म्हणालास, काही नाही.

काही नाही! तू! मुंगी चावली तरी अर्धा तास व्याख्यान देणारा माणूस, काही नाही म्हणतो!

माझ्या अंगाचं पाणी झालं. ऑपरेशनला नेताना झालं नव्हतं इतकं. मी ओरडले. शब्द नव्हते त्यात, नुसतीच ओरडले. भावोजी सांगतात, खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. छातीचे टाके ताणले गेले, त्याची मला फिकीर नव्हती. तीन नर्सेस धावत आल्या आणि सगळ्या माझ्याच अंगावर पडल्या, कारण ओरडत मी होते. मी नाही, मी नाही, तो, तो, असं मला किती वेळा म्हणावं लागलं! पोलादी बाईची सगळी अब्रू त्या दिवशी फरशीवर सांडली आणि कोणी गोळासुद्धा केली नाही.

मग तुला तारा लावल्या. रेघ नेहमीसारखी, जवळजवळ सरळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, धोका नाही. मी म्हटलं, धोका नसेना का, त्याला दुखतंय, आधी ते थांबवा. त्यांनी जिभेखाली गोळी दिली आणि तुझी बोटं हळूहळू सैल झाली. मी ती बोटं बघत होते. असं दुखतं होय रे तुला? कुसळ गेलं तेव्हाही असंच दुखायचं?

रागाचं कारण इतकंच आहे. मी सांगितलं म्हणून तू गप्प बसलास. मी नाही नाही ते जन्मभर सांगत आले आणि त्यातलं तू एक ऐकलं नाहीस, आणि ऐकायचं ठरवलंस ते नेमकं हे? ती अट मी मागे घेते. तुझा जाड कागद मी चौकटीत घातलेला नाही, चुलीत घातला. तुझ्या बायकोला सांग, हवे तेवढे पाय चेप.

यापुढे दुखलं की ओरडायचं. माझ्यासमोर, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, कुठेही. लाज वाटली तर जास्त मोठ्यानं. माझं मला काही ऐकू येत नाही, नाटक्या. निदान तुझं तरी ऐकू येऊ दे.

तुझी,
ताई